कच्ची सडक आणि आप्पांचा बेंजो

इयत्ता सहावीत मला शाळेत सोडायला आप्पा आले होते. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन, तिथून बसने चंदीगड आणि पुढे हिमाचलचा घाट. गेटपाशी त्यांनी माझ्या कॉलरचे बटण लावले आणि तीन गोष्टी सांगितल्या. "आभ्यास कर. दूध पीत जा. आणि बेंजोचं कुणाला सांगत बसू नकोस. हितं सायबांची पोरं असत्यात."

पहिल्या दोन गोष्टी मी अधूनमधून पाळल्या. तिसरी मात्र चार वर्षे न चुकता पाळली.

आमचे गाव विट्याजवळ, सांगली जिल्ह्यात. विट्यात यंत्रमाग फार. आप्पा दिवसा मागावर असतात आणि लग्नसराई, यात्रा, गणपती आले की संध्याकाळी बेंजो पार्टीत. ज्यांनी वरात पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेंजो म्हणजे एक लांबट लाकडी पेटी. तिच्यावर तारा ताणलेल्या असतात आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणे. डाव्या हाताने बटणे दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या. जोडीला ढोलकी, ताशा, कीबोर्ड आणि टेम्पोवर बांधलेले स्पीकर. आप्पांनी तार छेडली की नवरदेवाचे आजोबासुद्धा नाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरी माझ्या प्रवेश अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'यंत्रमाग कामगार' एवढेच लिहिलेले होते.

आता बँडची गोष्ट.

माझ्या शेजारच्या बेडवर नागालँडचा एक मुलगा आहे. मोकोकचुंगचा म्हणून त्याला सगळे मोको म्हणतात. सुट्टीवरून येताना तो गिटार घेऊन आला. त्यांच्याकडे कंट्री संगीताचे वेड आहे. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली ही गाणी. त्यांत शेते, नद्या, जुन्या गाड्या आणि घराची ओढ असते. नागालँड आणि मिझोरामच्या डोंगरांत ती इतकी रुजली आहेत, की मोकोच्या मामाला जुनी कंट्री गाणी तोंडपाठ आहेत. मोको प्रेपनंतरच्या दहा मिनिटांत हळू आवाजात गायचा आणि आमची डॉर्म गप्प होऊन ऐकायची.

मार्च महिन्यात आमचा बँड तयार झाला, म्हणजे तो आपोआपच झाला. लखनौच्या मुलाकडे माउथ ऑर्गन निघाला. केरळच्या मुलाचा आवाज चांगला, पण त्याला इंग्रजी गाण्याचे दुसरे कडवे कधीच आठवत नसे, म्हणून तो पहिलेच दोनदा म्हणायचा. हरियाणाच्या 'पहलवान'ने आंघोळीची बादली उलटी केली आणि ड्रम झाला. मी मेसमधले दोन चमचे पाठीला पाठ लावून मांडीवर वाजवू लागलो. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा पहलवान म्हणाला, "कंट्री रोड म्हणजे गावची कच्ची सडकच ना?" तेच नाव पडले. 'कच्ची सडक'.

आमच्या शाळेचा खरा बँड वेगळा आहे. तो परेडला वाजतो. त्यात सगळ्यांची नजर समोर, पाऊल एक, चूक झाली की बँडमास्टर सरांची भुवई वर. आमच्यात चूक झाली की पाचही जण हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. बँडमास्टर सर सैन्यातून निवृत्त झालेले, पचमढीच्या लष्करी संगीत केंद्रात शिकलेले. आम्हाला वाटले, ते आमची बादली जप्त करतील. त्यांनी दहा मिनिटे उभे राहून ऐकले आणि म्हणाले, "रविवारी चाळीस मिनिटे बँड रूम मिळेल. अट एकच. मेसचे चमचे मेसमध्ये परत गेले पाहिजेत."

एका रविवारी मोकोने आम्हाला अलाबामा नावाच्या बँडची हकिगत सांगितली. फोर्ट पेन हे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले छोटे गाव. रँडी ओवेन आणि टेडी जेन्ट्री हे चुलत-मावस नात्यातले भाऊ तिथल्या डोंगरावर कापसाच्या शेतांत वाढले. त्यांना त्यांच्याच नात्यातला जेफ कुक मिळाला. १९६९ साली त्यांनी बँड काढला. १९७३ साली ते समुद्रकाठच्या मर्टल बीच या गावी गेले आणि 'द बॉवरी' नावाच्या बारमध्ये वाजवू लागले. पगार नव्हता. ऐकणारे खूश होऊन देतील ती बक्षिशी हीच कमाई. कितीतरी उन्हाळे त्यांनी असे काढले. शेवटी १९८० साली एका मोठ्या कंपनीने त्यांना घेतले आणि १९८२ पासून सलग तीन वर्षे कंट्री संगीतातला 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा मोठा मान त्यांना मिळाला. नाव झाल्यावर ते गावाला विसरले नाहीत. १९८२ सालीच त्यांनी फोर्ट पेनमध्ये 'जून जॅम' हा संगीताचा मेळा सुरू केला आणि त्याचे पैसे समाजकार्याला दिले.

"आणि माहीत आहे का," मोको म्हणाला, "फोर्ट पेन कशासाठी प्रसिद्ध होतं? मोज्यांसाठी. तिथल्या गिरण्यांत इतके मोजे विणले जायचे, की त्याला जगाची मोज्यांची राजधानी म्हणायचे."

सगळे हसले, कारण त्याच सकाळी इन्स्पेक्शनमध्ये भोकाच्या मोज्यावरून पहलवानाला फ्रंट रोल मिळाले होते. मी मात्र हसलो नाही. माझ्या कानात मागाचा खटाक-खट आवाज सुरू झाला होता. विणकामाचे गाव, दिवसा काम आणि संध्याकाळी लोकांच्या खुशीवर वाजवणे. हे मला ओळखीचे होते.

तेवढ्यात मोको म्हणाला, "आपल्याकडे सगळं आहे, फक्त बँजो नाही."

"माझ्या घरी आहे." माझ्या तोंडून निघून गेले.

चौघे माझ्याकडे बघू लागले. मोकोने पुस्तकातले चित्र दाखवले. गोल, चामड्याने मढवलेले, लांब दांड्याचे वाद्य. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी आपल्या आठवणीतल्या वाद्यांवरून ते अमेरिकेत घडवले. आमचा बेंजो तो नव्हे. आमच्या बेंजोचे शास्त्रातले नाव बुलबुल तरंग आणि त्याचे मूळ जपानमध्ये. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी जे वाद्य बनवले, त्याचा हा भारतीय भाऊ. हे सगळे मी नंतर ग्रंथालयात वाचले. त्या वेळी मी नुसताच अडखळलो. "तसा नाही, वेगळा आहे. बटणांचा."

"कोण वाजवतं?" मोकोने विचारले.

"चाचाजी," मी म्हणालो.

मला चाचा नाहीत. आप्पा एकटेच. त्यांनी मला गप्प राहायला सांगितले होते, खोटे बोलायला नाही. ते मी माझ्या मनाने बोललो.

त्या रविवारी मी घरी फोन केला. ऑक्टोबरात पालक दिन होता आणि आमच्या बँडला एक गाणे मिळाले होते. जॉन डेन्व्हरचे १९७१ सालचे 'टेक मी होम, कंट्री रोड्स'. मी आप्पांना म्हणालो, "तुमचा जुना बेंजो गलाईवाल्या मामांबरोबर पाठवाल का?" आमच्या भागातले लोक सोने-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरले आहेत. त्यांतलेच मामा चंदीगडला असतात आणि ते माझे लोकल गार्डियन आहेत.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग आप्पा म्हणाले, "हसतील रं पोरं."

"नाही हसणार."

"बघतो."

आप्पा स्वतःच आले. दसऱ्याच्या दोन सुपाऱ्या सोडून आले, हे मला आईकडून नंतर कळले. बेंजो सोलापुरी चादरीत गुंडाळलेला होता आणि अंगात मामांचे जाकीट, बाह्या दोन बोटे लांब. मी त्यांना बँड रूमवर नेले. मोकोने पुढे येऊन नमस्कार केला आणि आपल्या हिंदीत म्हणाला, "अंकल, हा सांगत होता, याचे चाचाजी बेंजो वाजवतात. ते नाही आले?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. फार तर दोन सेकंद. मग मोकोला म्हणाले, "हां, मेरा भाई बजाता है. मैं खाली लेके आया."

आमच्या शाळेत खोटे बोलल्याची शिक्षा असते. मला ती मिळालेली आहे. मैदानाला दहा फेऱ्या, पाठीवर पिठ्ठू. त्या फेऱ्या या दोन सेकंदांपुढे काहीच नव्हत्या. माझे खोटे आप्पांनी न विचारता आपल्या डोक्यावर घेतले होते, तेही हसत, जणू भाऊ खरेच घरी बसला आहे.

"मोको," मी म्हणालो, "मला चाचा नाहीत. बेंजो हेच वाजवतात. माझे वडील."

कुणी काही बोलले नाही. पहलवानाने बादली सरळ केली, पुन्हा उलटी केली. मग तो म्हणाला, "मग अंकल, वाजवा ना. आम्ही सहा महिने चमचे ऐकतोय."

आप्पा खाली मांडी घालून बसले. प्रवासात आणि थंडीत तारा उतरल्या होत्या. मोकोला त्यांनी गिटारची एक-एक तार छेडायला सांगितली आणि कान वाकडा करून, चावी फिरवत आपल्या तारा त्याच्याशी मिळवल्या. आमचे गाणे त्यांनी आधी कधीच ऐकले नव्हते. एकदा ऐकले. दुसऱ्यांदा बोटे बटणांवरून नुसती फिरवली. तिसऱ्यांदा ते वाजवत होते. मध्येच कडव्याच्या शेवटी त्यांनी वरातीतली एक तान घातली. अमेरिकेच्या डोंगरातले गाणे आमच्या वेशीत शिरले. लखनौवाला हसून माउथ ऑर्गन वाजवायचेच विसरला.

स्टेजवर मात्र यायला आप्पा तयार झाले नाहीत. "बँड पोरांचा हाय," म्हणाले. त्यांनी मला चार जागा शिकवल्या, फक्त चार. गाण्यात जिथे माणूस घरी न्यायला सांगतो, तिथे त्या येतात. कार्यक्रमात मी त्यांतल्या तीन बरोबर वाजवल्या. चौथीला बटण चुकले आणि असा काही सूर निघाला, की मोकोला गाता गाता हसू आले, मग पहलवानाला, मग पुढच्या रांगेतल्या लहान कॅडेट्सना. केरळवाल्याने नेहमीप्रमाणे पहिले कडवे दोनदा म्हटले. सगळे सभागृह टाळ्यांनी ताल धरून होते.

मी आप्पांना शोधले. ते शेवटच्या रांगेत होते आणि शेजारी बँडमास्टर सर. आप्पांचा उजवा हात गुडघ्यावर हलत होता, हातात प्लास्टिकचा तुकडा नसतानाही. सर काहीतरी विचारत होते. नंतर मी आप्पांना विचारले, सर काय म्हणत होते. आप्पा म्हणाले, "कुठं शिकलात, म्हणत होते. मी म्हणलं, वरातीत. तर म्हणाले, अवघड शाळा हाय ती. तिथं चुकलं की लोक नाचायचं थांबत्यात."

बेंजो आता बँड रूमच्या कपाटात आहे, सोलापुरी चादरीसकट. आप्पा नवीन घेणार म्हणतात, पण अजून घेतलेला नाही. त्यामुळे मी दर रविवारी पाचवी आणि सहावी जागा शिकतो आहे. आपली एक सुपारी जर माझ्यापाशी ठेवली असेल, तर ती वाया जाता कामा नये.

मागच्या महिन्यात शिष्यवृत्तीचा अर्ज पुन्हा भरायचा होता. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी लिहिले : यंत्रमाग कामगार व बेंजोवादक. कार्यालयातल्या सरांनी चष्मा वर केला. त्यांना तो इंग्रजीत भरायचा होता. "बेंजोवादकाला इंग्रजीत काय लिहू?"

मी सावधानमध्ये उभा होतो. म्हणालो, "सर, म्युझिशियन लिहा."