धागा कुठे तुटला?

छत्तीस वर्षे मी शाळामास्तर होतो. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढणे हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. लाल शाईच्या किती दौती मी त्यापायी रिकाम्या केल्या, त्याचा हिशेब देव जाणे. अशा माणसाला उतारवयात वीतभर लांबीच्या एका काचेने लाल अक्षरांत 'चूक' म्हणून बजवावे, आणि ती चूक कोठे आहे हे मात्र सांगू नये! केले ते याच जन्मी फेडावे लागते म्हणतात, ते खोटे नसावे.

आमचे शेलार भिवंडीला अगदी खेटून. पूर्वी आमच्या आळीत घड्याळाची गरज नव्हती. मागांचा खडखडाट चालू असला की जग ठीक चालले आहे असे समजावे, आणि तो एकदम थांबला की लाईट गेली असे समजावे. आता बरेच माग भंगारात गेले. आसपास मोठाली गोदामे उठली. फोनवर बोट टेकवून मागविलेला माल म्हणे या गोदामांतून घरोघर जातो. तरी आमच्या मागल्या गल्लीत अजून माग आहेत, आणि लाईट गेल्याची वर्दी अजून तेच देतात.

त्या संध्याकाळी सात वाजता अशीच वर्दी मिळाली. साडेआठच्या सुमारास अंधारातून जॉबरकाका आले. मागे त्यांची नात. बिघडलेला माग दुरुस्त करणाऱ्याला आमच्याकडे जॉबर म्हणतात. काकांनी चाळीस वर्षे तेच केले. त्यांचे घराणे मूळचे तेलंगणातले, पद्मशाली; पण काकांचे मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज. नातीच्या हातात कागदांची फाईल होती आणि डोळ्यांत पाणी.

"सर, शिष्यवृत्तीचा अर्ज आहे. आज रात्री बाराला मुदत संपते. माझा फोन विझत आलाय."

बारावीला चांगले गुण मिळवून पोरगी पुढे शिकायला निघाली होती. शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेज, नाही तर एखाद्या गोदामात खोक्यांना पट्ट्या चिकटविण्याचे काम, इतका सरळ हिशेब होता. अर्जाचे पहिले पान तिने स्वतःच्या फोनवर भरून जतन केले होते. दुसरे माझ्या फोनवर भरायचे ठरले. आत शिरण्यासाठी लागणारा सांकेतिक क्रमांक तिच्या फोनवर येईपर्यंत तो बिचारा कसाबसा तगला, आणि विझला. म्हणजे आता माझ्या फोनवरचे हे पान मिटले असते, तर लाईट येईपर्यंत पुन्हा आत जायची वाट बंद.

मी ऐटीत चष्मा पुसला. मराठीचा मास्तर, माझ्या फोनचा कळफलक मराठी. चौदा रकाने मी कागद पाहून सुवाच्य भरले. आणि मग पाहतो तो 'पुढे जा' हे बटणच नाही! वर सरकविले, खाली सरकविले. पान शेवटच्या रकान्याशी संपत होते.

"सर, तुमची अक्षरं फार मोठी आहेत," पोरगी हळूच म्हणाली.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या मुलाने फोनवरची अक्षरे मोठी करून दिली होती. पान आखणाऱ्याने ती लहानच असतील असे धरलेले. माझ्या अक्षरांनी बटणाला काचेच्या बाहेर ढकलून दिले होते. अक्षरे लहान केली, तशी बटण निमूटपणे जागेवर आले. आता मला बटण दिसत होते, पण अक्षरे दिसत नव्हती. ती वाचायचे काम पोरीकडे गेले.

बटण दाबले. माथ्यावर लाल ओळ उमटली : 'कृपया योग्य माहिती भरा.' पुन्हा दाबले. पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, जोराने. काच ती, जोराने दाबल्याने तिला काय होणार?

काकांनी माझे मनगट धरले. "मास्तर, धागा तुटलेल्या मागाचा दांडा दहा वेळा ओढला, तर धागा जोडला जातो का?"

मी गप्प बसलो. काकांना लिहिण्यावाचण्याचे वावडे. पण बिघाड म्हटला की त्यांची मान ताठ होते. त्यांनी कंदील जवळ ओढला. "आता कशाला हात लावू नका. अगोदर ती ओळ जशीच्या तशी वहीत लिहा. माणूस घाबरला की यंत्र काय बोललं ते विसरतो, आणि आपल्याला काय वाटलं तेवढंच सांगतो."

मी लिहिले.

"आता सांगा. कुठपर्यंत बरं चाललं होतं? नंतर काय बदललं? आणि चालतंय त्याच्यात नि अडलंय त्याच्यात फरक काय?"

हे तीन प्रश्न त्यांनी मागाला आयुष्यभर विचारले होते. वाचकहो, तुमच्या घरी फोनचे एखादे पान अडून बसले, तर हेच तीन प्रश्न विचारून पाहा. दुसऱ्याच्या फोनवर तेच पान उघडते का? दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडते का? घरच्या वायफायवर अडते आणि मोबाईलच्या जोडणीवर चालते का? चालता माग आणि बंद माग शेजारी शेजारी उभे केले, की खोट कोणत्या भागात आहे ते आपोआप कळते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार स्क्रू एकदम फिरविले आणि माग चालू झाला, तरी कोणत्या स्क्रूने तो चालला हे कळत नाही. उद्या तो बंद पडला की आपण पुन्हा अडाणीच.

पोरगी म्हणाली, "ताता, आकडा तर आला नाही." शाळेत तिला शिकविले होते : चारशेच्या घरातला आकडा दिसला तर बहुधा आपल्या मागणीत काही खोट आहे, पाचशेच्या घरातला दिसला तर पलीकडच्या यंत्रात. ४०४ म्हणजे मागितलेले पान तिथे नाही; ५०३ म्हणजे तिकडचे यंत्र सध्या काम घेत नाही, थोड्या वेळाने या. इथे तसले काही नव्हते. पलीकडचे यंत्र जागे होते. आमच्याच रकान्यांपैकी कोणता तरी त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

चौदांपैकी नऊ रकान्यांत नुसती निवड करायची होती. तिथे अक्षर चुकायला वाव नाही. उरले पाच. काकांनी विचारले, "पहिलं पान पास झालं. त्याच्यात नि याच्यात फरक काय?"

पोरगी कंदिलाशी वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, "तिथे मी आकडे इंग्रजीत लिहिले होते. इथे सरांनी मराठीत लिहिलेत."

बापाचे वार्षिक उत्पन्न मी '९६०००' असे लिहिले होते, आणि तेच माझ्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. आकड्यांत तरी चूक नाही, अशी माझी पैजच होती! पण संगणकाला आकृती दिसत नाही, संकेत दिसतो. युनिकोड या जागतिक संकेतात इंग्रजी पाचाचा क्रमांक ५३ आहे आणि मराठी पाचाचा २४११. माणसाला दोन्ही पाचच. यंत्राला मात्र त्या दोघांची ओळख करून द्यावी लागते, आणि पान रचणाऱ्याने ती करून दिलेली नव्हती. गंमत अशी, की ज्यांना आपण इंग्रजी अंक म्हणतो, ते मुळात इथूनच अरबांच्या हातून पश्चिमेला गेलेले. आपल्या राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात त्यांना 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' असेच म्हटले आहे. घरचीच पोरे परदेशी राहून आली, आणि आता घरात राहिलेल्यांना दारात अडवीत होती.

उत्पन्नाचा आकडा बदलला. बटण दाबले. लाल ओळ जागच्या जागी! माझा धीर सुटला. काका शांतपणे म्हणाले, "बरं झालं. एक धागा जोडला, दुसरा कुठेतरी तुटलेला आहे." तो पिनकोडच्या रकान्यात सापडला. तिथेही माझे मराठी सहा अंक दिमाखात उभे होते. ते बदलले. चाक थोडे फिरले, आणि हिरव्या अक्षरांत अर्जाचा क्रमांक आला. पोरीने तो फाईलवर लिहिला, माझ्या वहीत लिहिला, आणि शेवटी तळहातावरही लिहिला. घड्याळात अकराला दहा मिनिटे कमी होती.

चहा घेताना काका म्हणाले, "पान अडलं याचा मला राग नाही, मास्तर. चुकीचा माल पुढे जाऊ देऊ नये, हे बरोबरच. पण आमचा माग अडतो, तेव्हा तुटलेला धागा डोळ्यांसमोर असतो."

ते खरे आहे. मागावर आडव्या धाग्याला लागणारा एक लहानसा काटा असतो. धागा तुटला किंवा कांडी संपली, की काट्याला धागा लागत नाही आणि माग आपोआप थांबतो. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १८९६ साली यंत्रमाग केला, त्यात धागा तुटताच माग थांबविण्याची सोय होती. बिघाड झाला की यंत्राने थांबावे आणि माणसाला तो दाखवावा, हे त्यांच्या घराण्याने पुढे मोटारींच्या कारखान्यातही सूत्र म्हणून पाळले. संकेतस्थळांसाठी असा नियम नाही असे नाही. जागतिक वेब संघटनेने डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगमतेच्या निकषांत स्पष्ट म्हटले आहे, की चूक कोणत्या रकान्यात झाली ते दाखवावे आणि काय चुकले ते शब्दांत सांगावे. अक्षरे दुपटीपर्यंत मोठी केली तरी पान वापरता आले पाहिजे, हेही त्यातच आहे. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी, डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निकाल दिला. अर्जदारांत ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेली माणसे होती. ओळख पटविण्यासाठी पान त्यांना डोळे मिचकावायला सांगत होते. त्यांनी काय मिचकावावे?

काका आणि पोरगी गेली. मला मात्र झोप येईना. उत्पन्नाच्या रकान्यावर ज्याचे नाव होते, तो पोरीचा बाप माझाच विद्यार्थी. सातवीत माझ्याकडे गणिताला होता. त्याच्या वहीत वरपासून खालपर्यंत मी एकच शब्द लिहीत असे : 'चूक.' एकदा त्याने वही पुढे करून विचारले होते, "सर, कुठे?" मी म्हणालो होतो, "शोध." मला वाटे, पोरगा आपणहून शोधील तर पक्के शिकेल. पुढल्या वर्षी तो शाळेत दिसला नाही, मागावर दिसला. त्याला शाळा सोडायला गरिबीच पुरेशी होती, हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितले आहे. पण आज लाल ओळीसमोर दोन तास बसल्यावर मला कळले, की 'चूक' एवढेच ऐकणाऱ्या माणसाला चूक सापडत नाही. आपणच चूक आहोत, एवढे मात्र त्याला पटते.

मध्यरात्रीनंतर लाईट आली. मागल्या गल्लीतले माग एकामागून एक चालू झाले.

सकाळी रात्रपाळी संपवून तो दारात आला. केसांत सुताची रुई. "सर, पोरीनं सांगितलं, अर्ज अडला होता. उत्पन्नाच्या दाखल्यात माझंच काहीतरी चुकलं असेल."

"तुझं काही चुकलं नव्हतं. अंक मी चुकीच्या कळफलकावर लिहिले होते."

तो हसून निघाला. मी त्याला थांबविले.

"आणि ऐक. सातवीतल्या तुझ्या गणितांची रीत बरोबर असायची. फक्त हातचा घ्यायला विसरायचास. तेवढंच चुकायचं."

तो उंबऱ्यावर क्षणभर उभा राहिला. मग केसांतली रुई झटकीत म्हणाला, "सर, अजून विसरतो."