कुणाचा घास अडला?

बॉबी जेंट्रीचे ‘ओड टू बिली जो’ १९६७ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झाले आणि ऑगस्टच्या अखेरीस बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचून चार आठवडे तिथे राहिले. कंट्री संगीताच्या कुळातले हे कथागीत आजही ऐकले जाते, आणि त्याविषयी बोलताना एकच प्रश्न हमखास निघतो : टॅलाहाची नदीच्या पुलावरून बिली जो आणि ती मुलगी यांनी पाण्यात काय फेकले? मला वाटते, गीताच्या दीर्घायुष्याचे रहस्य या प्रश्नाच्या उत्तरात नाही. हा प्रश्न आपल्याला पडतो, यातच ते आहे.

गीताचा घाट साधा आहे. ध्रुपद नाही, एकाच चालीतली पाच कडवी, आणि प्रत्येकाचा शेवट त्या पुलाच्या नावावर. मिसिसिपीतले शेतकरी कुटुंब दुपारच्या जेवणाला बसते. बिली जो नावाच्या तरुणाने पुलावरून उडी घेतल्याची बातमी आई सांगते. बाप त्याच्या अकलेविषयी एक वाक्य बोलतो, पाव पुढे करायला सांगतो आणि नांगरायच्या राहिलेल्या पाच एकरांकडे वळतो. भावाला त्याच्याबरोबर केलेला खोडसाळपणा आठवतो आणि पायचा आणखी एक तुकडा हवासा वाटतो. निवेदन करणारी मुलगी मात्र या संभाषणात एक शब्दही बोलत नाही. शीर्षकातल्या ‘ओड’ने गौरवगीताची अपेक्षा निर्माण केलेली असते, इथे मृताच्या वाट्याला साधा शोकही येत नाही.

हे गीत म्हणजे अजाणता घडणाऱ्या क्रौर्याचा अभ्यास आहे, अशा आशयाचे जेंट्रीने स्वतःच सांगितले होते. ‘अजाणता’ हा शब्द महत्त्वाचा. या घरात कुणीही दुष्ट नाही. आपल्याकडेही मृत्यूची वार्ता अशीच ताटावर येते. ‘फार वाईट झाले’ म्हणत पुढची पोळी वाढली जाते. त्याच पंक्तीत कुणाचा तरी घास अडलेला असू शकतो, हे ध्यानात येत नाही. गीतातल्या आईला मुलीचे न हललेले ताट दिसते. पण तिला खंत वाटते ती सकाळपासून केलेल्या स्वयंपाकाची. त्याच ओघात ती सांगते, की पाद्रीबाबांनी बिली जोला पुलावरून काहीतरी फेकताना पाहिले आणि सोबतची मुलगी अगदी तुझ्यासारखी दिसत होती. इतक्या जवळ येऊनही तिला काही कळत नाही.

आणि नेमक्या याच ठिकाणी श्रोता विचारतो, ‘काय फेकले?’ म्हणजे तोही त्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसतो. मुलीच्या दुःखापेक्षा त्यालाही बातमीतला तपशील हवा असतो. १९७६ साली या गीतावर चित्रपट निघाला. त्यात कापडी बाहुली पाण्यात पडते, आत्महत्येचे कारणही कळते. तरीही प्रश्न विझला नाही, कारण मुळात तो माहितीचा नव्हताच.

शेवटच्या कडव्यात वर्ष उलटलेले असते. भाऊ लग्न करून दुसऱ्या गावी गेलेला, बाप साथीच्या आजाराने दगावलेला. आईला आता कशातच गोडी वाटत नाही. मुलगी टेकडीवर फुले वेचते आणि पुलावरून गढूळ पाण्यात सोडते. जिमी हॅस्केल यांच्या रचनेतली तंतुवाद्ये इथे खाली खाली घसरत जातात. दोघींचे दुःख आता एकाच जातीचे आहे, तरी त्या एकमेकींशी बोलत नाहीत. आईचा शोक घराला ठाऊक आहे. मुलीच्या शोकाला नाव नाही, म्हणून त्याला सांत्वनही नाही. मला हे कडवे पुलावरच्या गुपितापेक्षा अधिक अस्वस्थ करते. पाण्यात काय पडले हे कधीतरी कुणी शोधून काढीलही. समोर बसलेल्या माणसाने घास का घेतला नाही, हे मात्र त्यालाच विचारावे लागते.