९१५ मीटरवरची हवा

कानाच्या डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. रेघ ३,००० हर्ट्झपर्यंत बरी चालली होती, ४,००० ला खड्ड्यात उतरली होती आणि ८,००० कडे पुन्हा थोडी वर आली होती. गोंगाटात आयुष्य काढलेल्या कानाची ही ठरलेली खूण, असं त्या म्हणाल्या. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर वडिलांच्या बरोबर असलेल्या प्रत्येक जॉबरचा आलेख असाच निघाला असता. कुणी काढला नाही एवढंच. वडील मागाच्या शेडात पाऊल टाकतानाच सांगायचे, तिसऱ्या ओळीतला धोटा अडखळतोय. साठीला आले तेव्हा त्यांना दाराची कडी वाजलेली कळत नव्हती. मी आता चोपन्नचा आहे.

माझे माग म्हणजे सर्व्हर. देवनहळ्ळीला, विमानतळाच्या अंगाला, आमचं डेटा सेंटर आहे आणि त्याच्या एका कोपऱ्यात चाचणीचे दोन रॅक. खरेदी निघाली की तीन-चार कंपन्यांची दोन-यूची, म्हणजे रॅकचे दोन कप्पे व्यापणारी, मशीनं महिना-दीड महिना तिथे येऊन बसतात. कुठलं घ्यायचं हे सांगणं माझं काम. बावीस वर्षं मी मोजमाप सगळं केलं, पण निकाल कानाने दिला. हे लिहायला बसलो आहे ते त्यासाठी.

वीज दिली की पंखे काही सेकंद पूर्ण वेगाने सुटतात, मग मशीनवर देखरेख करणारा बीएमसी जागा होतो आणि त्यांना खाली आणतो. हे खाली येणं प्रत्येकाचं वेगळं. कुणी एका दमात उतरतं, कुणी तीन पायऱ्यांनी, कुणी उतरून पुन्हा जरासं चढतं. पाहुणे आले की मी रॅककडे पाठ करून उभा राहायचो, कुणाला तरी बटण दाबायला सांगायचो आणि नुसतं ऐकून नाव सांगायचो. प्रोलायंट, पॉवरएज, थिंकसिस्टम, सिस्कोचं यूसीएस. कित्येकदा पिढीसुद्धा. चुकायचो नाही. लोकांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते मला फार हवंहवंसं होतं. कामाला त्याचा काही उपयोग नव्हता, तरी एकही पाहुणा मी ते केल्याशिवाय परत पाठवला नाही.

इतकी वर्षं मला ज्या एका गोष्टीने झोपू दिलं नाही ती अशी. दोन मशीनं घ्या. प्रोसेसर तोच, मेमरी तेवढीच, डिस्क त्याच, पॉवर सप्लाय दोन्हीकडे प्लॅटिनम दर्जाचे. सारखा भार द्या. तरी पीडीयूवर, म्हणजे रॅकच्या वीजपट्टीवर, एक मशीन तीस-चाळीस वॅट जास्त ओढताना दिसतं. हे वॅट जातात कुठे? पंख्यात, हे कुणीही सांगेल. पण सगळे नाहीत. पंख्याची वीज वेगाच्या घनाने वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढला तर वीज तेहतीस टक्क्यांनी, वेग दुप्पट झाला तर वीज आठपट. म्हणून फर्मवेअर लिहिणारा पंखे जमतील तेवढे हळू ठेवायला बघतो. पंखे हळू झाले की प्रोसेसर तापतो, तापलेल्या सिलिकॉनमधून गळती प्रवाह वाढतो, आणि पंख्यात वाचवलेले वॅट प्रोसेसरमध्ये खर्ची पडतात. एक रेघ चढती, एक उतरती. दोन्हींची बेरीज मध्येच कुठेतरी तळ गाठते. हा तळ प्रत्येक कंपनीने आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या हवेत शोधलेला असतो. मला तो माझ्या हवेत शोधायचा असतो.

आणि माझी हवा वेगळी आहे. देवनहळ्ळीच्या विमानतळाची नोंदलेली उंची ९१५ मीटर; आम्ही त्याच्या आसपासच. इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण आठ-नऊ टक्के विरळ. तेवढीच उष्णता उचलून न्यायची तर पंख्याला सुमारे नऊ टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं. विरळ हवा ढकलायला सोपी जाते, ही सूट वजा केली तरी घनाचा हिशोब सुटत नाही. पंख्यांची वीज ढोबळमानाने एक पंचमांश वाढते. इथलं हवामान थंड, त्याचं सुख आम्हाला आहेच, पण ते चिलरला. समुद्रकाठच्या पनवेलला किंवा ऐरोलीला जिंकलेलं मशीन इथे हरू शकतं, हे मला कळायला सात-आठ वर्षं गेली, आणि वरिष्ठांना पटवायला आणखी तेवढीच.

पत्रकांतल्या तळटिपा वाचल्या तर हे तिथेच लिहिलेलं सापडतं. एचपीईच्या डीएल-३८० जेन-१० ची ३५ अंशांची मर्यादा समुद्रसपाटीची आहे, आणि दर ३०५ मीटरला ती एक अंशाने खाली येते. म्हणजे देवनहळ्ळीला ३२. डेलच्या आर-७४० ला दर ३०० मीटरला एक अंश, पण मोजणी सुरू होते ९५० मीटरच्या वर. त्यानंतरच्या आर-७५० ला ९०० च्या वर. आमचं गाव बरोबर या दोन रेघांच्या मधे वसलं आहे. यात कुणी खोटं बोलत नाही, शून्य कुठे धरायचा हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं आहे. टेंडरच्या तक्त्यात मात्र सगळ्यांच्या रकान्यात '३५' येतं आणि शेजारी बरोबरची खूण पडते. त्या खुणेशी माझं भांडण जुनं आहे.

मोजायचं कसं, यावर मी जेवढा वेळ घालवला तेवढा घरच्यांबरोबर घालवला नसेन. स्पेक-पॉवर चाचणीच्या नियमांत तापमापक हवा आत शिरते त्या तोंडापासून ५० मिलिमीटरच्या आत लावावा लागतो. मीही तिथेच लावतो. थर्मोकपलची तार रॅकच्या खांबाला टेपने चिकटवायची आणि मण्याएवढं टोक हवेत मोकळं सोडायचं. ते पत्र्याला टेकता कामा नये. टेकलं की आकडा पत्र्याचा येतो, हवेचा नाही, आणि दोन्ही आकडे दिसायला सारखेच शहाणे दिसतात. एक मशीन विसाव्या यूत, दुसरं चोविसाव्या, आठवड्याने अदलाबदल. अदलाबदल केली की तिसाचा फरक कधी अठरावर यायचा, कधी पंचेचाळीसवर जायचा. म्हणजे फरकातला काही वाटा जागेचा होता. वरच्या यूला हवा जरा गरम मिळते, शेजारचं मशीन जोरात ओढत असलं की याच्या वाट्याला कमी येते. किती कमी? या 'किती'पाशी मी दर खरेदीला येऊन थांबायचो. मग डोळे मिटून दोन्ही मशीनांपुढे उभा राहायचो आणि जे कमी धापा टाकतंय असं वाटायचं त्याच्या बाजूने लिहायचो.

काही वर्षांपूर्वी एक मशीन मी असंच नापास केलं. त्याचे पंखे चढत-उतरत राहायचे, वेग ठरेना. आम्ही याला हंटिंग म्हणतो. दोन मिनिटं ऐकलं आणि अहवालात लिहिलं, 'पंख्यांचं नियंत्रण सदोष'. त्या कंपनीचा पोरगेला इंजिनिअर बाजूला उभा होता. म्हणाला, "सर, एकदा खालच्या यूत हात घालून बघता का?" मी बघितलं नाही. मला स्वच्छ ऐकू येत असताना हात कशाला घालायचा, असं मला वाटलं. सहा महिन्यांनी रॅक रिकामा करताना दिसलं, त्या मशीनखालचा रिकामा यू झाकणारं ब्लँकिंग पॅनल लावायचंच राहिलं होतं. ४४ मिलिमीटरची फट. तिच्यातून मागची गरम हवा पुढे येत होती आणि मशीन ती पुन्हा पीत होतं. मशीन अगदी बरोबर वागत होतं. रॅक माझा होता, पॅनल लावायची जबाबदारी माझी होती. मी पॅनल लावलं, दोन स्क्रू पिळले आणि अहवाल तसाच राहू दिला. त्या मुलाला फोन केला नाही. कंत्राट दुसरीकडे गेलं होतं, पुन्हा कशाला उकरायचं, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. माझ्या कानाबद्दल तोवर बाहेर जे बोललं जायचं, त्याला मला धक्का लागू द्यायचा नव्हता.

आता तुलना करणाऱ्यांची नवी जात आली आहे. ते मशीन बघत नाहीत. एक्सेलमध्ये कोअरमागे रुपये काढतात, स्पेकचे आकडे चिकटवतात आणि एल-वनला, म्हणजे सगळ्यात स्वस्त बोलीला, कौल देतात. स्पेकचे आकडे खरे असतात, पण ती चाचणी कंपनीने आपलं मशीन सडपातळ करून दिलेली असते. आमचं मशीन डिस्कांनी आणि कार्डांनी भरलेलं असतं. ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यापासून तर त्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचा खर्च कोअरवर इतका चढला आहे की प्रोसेसर कुठला घ्यायचा हे हिशोब विभागच आधी ठरवतो. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर मशीनबद्दल बोलायला कुणी उरत नाही. माझ्या उमेदीत आयबीएमचं एक्स-३६५० घ्यायचं की एचपीचं डीएल-३८०, यावर दोन जाणती माणसं रात्री अकरापर्यंत भांडायची. आयबीएमने तो धंदा २०१४ मध्ये लेनोवोला विकला. भांडणारेही पांगले.

तीस वॅटसाठी एवढं काय, असं विचारणाऱ्यांना मी गेल्या उन्हाळ्यातली एक रात्र सांगतो. वीज गेली, जनरेटर आले, पण चिलर पुन्हा उभे राहायला काही मिनिटं लागली. सर्व्हर यूपीएसवर चालू, गारवा बंद. खोली तापायला लागली तसे सगळ्या रॅकांचे पंखे एकदम चढले आणि यूपीएसवरचा भार नेमका त्या मिनिटांत फुगला. घन म्हणजे काय ते तेव्हा भिंतीवरच्या मीटरवर दिसत होतं. मी मधल्या वाटेत उभा होतो. छातीत घुमत होतं, पायाखालची फरशी थरथरत होती. त्या गदारोळात मला वरच्या पट्टीतला एकही सूर ऐकू आला नाही, हे मात्र त्या रात्री माझ्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आणून दिलं निपाणीच्या मुलीने. आमच्या विभागात येऊन तिला दीड वर्ष झालं. एका दुपारी ती मोबाइल मशीनला लावून उभी होती. पडद्यावर आवाजाच्या रेघा. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १५,००० फेरे घेत असेल तर १,७५० हर्ट्झला रेघ हवी आणि तिच्या दुपटीला, ३,५०० ला दुसरी. होत्या. पण त्यांच्याही वर एक रुंद धुरकट पट्टा पसरला होता. ती म्हणाली, "सर, हा चौथा पंखा ओरडतोय की." मी वाकलो, कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. पंखा काढून तिने बोटाने फिरवला; बेअरिंग कोरडं खरखरत होतं. ते बोटांना मलाही कळलं. त्या संध्याकाळी मी माझे जुने अहवाल काढून बसलो. तीन वर्षांच्या प्रत्येक अहवालात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आवाज स्थिर'. खाली सही. त्यातल्या किती वेळा मी खरंच ऐकलं होतं, हे आज मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली. विमानं मला अजून नीट ऐकू येतात; त्यांचा घुमारा खालच्या पट्टीतला.

आणि पंखे व प्रोसेसर यांच्या बेरजेचा तो तळ? तोही तिनेच शोधला, आणि इतक्या साध्या रीतीने की मला दोन दिवस तिच्याशी नीट बोलता आलं नाही. भार कायम ठेवायचा, बीएमसीकडून पंख्यांचा वेग हाताने बांधून टाकायचा, पाच-पाच टक्क्यांनी वाढवत जायचं, प्रत्येक पायरीवर तापमान ठरेपर्यंत थांबायचं आणि पीडीयूवरचे वॅट टिपायचे. सगळ्या कंपन्यांचे बीएमसी याला परवानगी देत नाहीत, पण यावेळच्या दोन मशीनांनी दिली. कागदावर दोन दऱ्या उमटल्या. एका मशीनचा तळ त्याच्या फर्मवेअरने ठरवलेल्या वेगापाशीच होता. दुसऱ्याचं फर्मवेअर तळाच्या बरंच पुढे धावत होतं, उगाच. नुसत्या अंदाजाने मी पहिलं मशीन नापास केलं असतं, कारण ते जास्त तापत होतं आणि त्याच्या पाठीमागची हवा हाताला चटका देत होती.

पुण्याच्या सी-डॅकने रुद्र नावाचा सर्व्हर देशात घडवला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावरचे परम रुद्र महासंगणक पुणे, दिल्ली व कोलकात्यात सुरू झाले, तेव्हा मला कोअरपेक्षा एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, त्याच्या पंख्यांचा वक्र कुणी आणि कुठल्या हवेत बसवला. पंख्यांची जागा पाणी घेईल म्हणतात, आणि एआयच्या रॅकांत ती घेतलीच आहे. बँका, पतसंस्था, दवाखाने यांच्याकडे मात्र अजून दोन-यूचंच मशीन बसतं आणि पुढची कित्येक वर्षं बसेल. जो कुणी ते विकत घेणार असेल त्याने कंपनीकडे एक जास्तीचा रकाना मागावा: आमच्या उंचीवर, २५, ३० आणि ३५ अंशांना, नुसत्या पंख्यांचे वॅट किती. लेखी मागावा.

आमचा अहवाल यावेळी तिने लिहिला, मी दुसरी सही केली. आवाजाचा रकाना काढून टाकला. हीच दोन मशीनं सोमवारी ट्रकने नवी मुंबईच्या केंद्रात जातील. तिथे समुद्रसपाटीवर ती सगळी मोजणी पुन्हा करणार आहे. तिच्या पिशवीत माझे चार थर्मोकपल आणि चार ब्लँकिंग पॅनल मी स्वतः भरले आहेत.