ओसरीवरच्या चौकटी

मुळशी तालुक्यात मृग लागला की घरातील प्रत्येक वस्तू पावसाशी आपापला हिशेब मांडू लागते. मीठ पाझरते, पापड मऊ पडतात, दारे फुगून उंबऱ्याला घासू लागतात आणि भिंतीवरच्या तसबिरींना काचेच्या आतल्या अंगाने धुरकट वर्तुळे धरतात. अशा मुलखात, पौड येथील एका जैन कुटुंबातील सुनेने तसबिरींना चौकटी करून देण्याचा व्यवसाय घरच्या ओसरीवर मांडला. त्यात धाडस आहे हे त्यांना पहिला पावसाळा सरेपर्यंत कळले नव्हते.

आरंभ सासूबाईंच्या एका चित्रापासून झाला. शत्रुंजय तीर्थाचे ते जुने छापील चित्र. पालिताण्यास जाणे होत नाही, तेव्हा कार्तिकी पौर्णिमेस त्याच्यासमोर वंदना करायची, ही घराची रीत होती. चौकटीचा खालचा सांधा उकलला, काच सरकली आणि चित्र कापडात गुंडाळून कपाटात गेले. पुण्यास नेण्याचे दर आठवड्यास ठरे आणि दर आठवड्यास राहून जाई. अखेर सूनबाईंनी शेजारच्या सुताराकडून करवत मागून आणली, पट्टी विकत घेतली आणि चार दिवस खपून नवी चौकट केली. एका कोपऱ्यात पोस्टकार्ड शिरेल एवढी फट राहिली होती. सासूबाईंनी चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाल्या, "देव दिसतात ना, मग झाले." घरच्या मायेने असे म्हटले, तरी गिऱ्हाईक तसे म्हणणार नाही, हे सूनबाई ओळखून होत्या.

चौकटीचे सारे मर्म त्या कोपऱ्यात असते. चार पट्ट्या, प्रत्येकीची दोन टोके, म्हणजे आठ काप. आणि प्रत्येक काप ४५ अंशांचा. एका कापात अर्ध्या अंशाची चूक डोळ्यांना दिसतही नाही. पण तीच चूक आठही कापांत एका दिशेने होत गेली, तर चौथ्या कोपऱ्याशी ४ अंशांची साचून उभी राहते. समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी केसभर जरी कमीअधिक झाली तरी तेच. म्हणून त्यांनी नियम केला की समोरासमोरच्या दोन पट्ट्या नेहमी एकाच आडकाठीला टेकवून, एकापाठोपाठ एक कापायच्या. काचेचे तंत्र निराळे. तेथे धीर लागतो तो दुसऱ्यांदा हात न फिरवण्याचा. काच कापायचे चाक पट्टीला लावून एकदाच, एका दाबाने ओढायचे. रेघ नीट उमटली नाही या शंकेने पुन्हा फिरवले की काच मनाला येईल तिकडे तडकते. पहिल्या महिन्यात घरच्या कोनाड्यात दोन मिलिमीटर काचेच्या तुकड्यांचा जो ढीग साठला, त्याला यजमान शिकवणीची फी म्हणत.

हिशेब मात्र त्यांना लवकर साधला. चित्र १२ इंच बाय १८ इंचांचे असेल तर त्याचा परीघ ६० इंच. पट्टी एक इंच रुंद असली, तर तिरप्या कापांसाठी रुंदीच्या आठपट, म्हणजे आणखी ८ इंच धरावे लागतात. एकंदर ६८. पट्टी दहा फुटी असेल तर ५२ इंच उरतात. त्यात त्याच मापाची दुसरी चौकट होत नाही, पण ८ बाय १० इंचांच्या छायाचित्राची होते. तिला ४४ इंच पुरतात. तेव्हा मोठ्या चित्राची मागणी आली की तिच्या जोडीला लहान छायाचित्र कोणाचे आहे, हे वहीत पाहून मगच करवत उचलायची. या व्यवसायातील नफा पुष्कळदा त्या उरलेल्या तुकड्यात असतो. पुण्याहून पट्ट्या आणताना दहा फुटी पट्टी बसमध्ये कोण घेऊ देणार? पहिल्या खेपेस त्यांनी दुकानातच सगळ्या पट्ट्या मधोमध कापून घेतल्या आणि घरी येऊन हे गणित मांडले, तेव्हा निम्मा नफा दुकानाच्या फरशीवर टाकून आलो, असे त्यांच्या ध्यानी आले. पुढे टेम्पोवाल्याशी बोलणी झाली. कर्जाचाही विचार झाला होता. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज मिळते, हे त्यांनी चौकशी करून ठेवले होते. परंतु हत्यारांपुरते पैसे घरातच निघाले आणि उद्यम नोंदणी तेवढी केली. तिला शुल्क पडत नाही.

मुळशीच्या उत्तरेला, डोंगरापलीकडे मावळात मळवली आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी तो या मळवलीस आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. त्यांपैकी काही चित्रांवर बायकांनी जर आणि टिकल्या लावून देवींना खरी वस्त्रे नेसवली. घरात चित्र लावणे ही एके काळी वाड्यांची मिरास होती, ती साध्या घरात आली ती अशा छापील चित्रांमुळे. आणि चित्र आले की मागोमाग काच व चौकट येणारच. आजही सूनबाईंकडे एखादा शेतकरी अशी जुनी तसबीर काखोटीस मारून येतो. मागची फळी वाळवीने पोखरलेली असते, कागद कडांनी तपकिरी पडलेला असतो, पण देवीच्या लुगड्याचा रंग अजून ओला वाटावा असा.

खरी अडचण निघाली ती चिकटवण्याची. जुन्या पद्धतीत लाकडाला सरस वापरीत आणि सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा अर्क. तो या घरात येणे शक्यच नव्हते. त्याऐवजी पांढरा कृत्रिम डिंक मिळतो, तो सांध्याला उत्तम धरतो. कागदासाठी कणकेची खळ होती. पण खळीला कसर लागते आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालण्याची जुनी चाल. खळीत विष कालवायचे आणि वरती सिद्धक्षेत्राचे चित्र बसवायचे, हे सूनबाईंच्या मनाला पटेना. सासूबाईंना विचारले, तर त्यांनी माहेरच्या पोथ्यांची आठवण सांगितली. पावसाळा सरला की ज्ञानपंचमीला सगळी बासने सोडायची, पाने हवेशीर करायची, झटकायची, आणि पुन्हा बांधताना आत वेखंडाची पुरचुंडी ठेवायची. जीव मारण्यापेक्षा तो आत शिरणारच नाही अशी तजवीज करावी, हे त्यातले सूत्र. तेव्हापासून चित्र सबंध चिकटवणे बंद झाले. वरच्या कडेला कागदाच्या दोन लहान पट्ट्या बिजागरीसारख्या लावायच्या आणि चौकटीची पाठ कागदाने चहूबाजूंनी मिटवून टाकायची. मन समाधान पावले. मग एके दिवशी छायाचित्राच्या कागदावर जो चकचकीत थर असतो, तो जिलेटिनचा, म्हणजे सरसाचाच सोज्ज्वळ भाऊबंद, असे त्यांच्या वाचनात आले. त्याला इलाज नव्हता. लोकांचे आईबाप त्या थरावरच उमटलेले होते.

आणि त्या थरानेच त्यांना शिकवले. मे महिन्यात एक वृद्ध गृहस्थ आईचे छायाचित्र घेऊन आले होते. आईचे माहेर मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एक. १९२१ साली रामनवमीला मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांसारखी माणसे तुरुंगात गेली, आणि तरीही टाटांचे धरण उभे राहिले. हे सारे आजोबा काल घडल्यासारखे सांगत. घर, जमीन, देऊळ काहीच दाखवण्यापुरते उरले नव्हते. आईचे हे एकच छायाचित्र होते, पुण्यात कधी तरी काढलेले. सूनबाईंनी ते मन लावून बसवले. स्वच्छ काच, काळी पट्टी, कोपरे बिनफटीचे. छायाचित्र काचेला अगदी भिडवून बसवले, कारण तसे ते अधिक उठावदार दिसत होते.

ऑगस्टात आजोबा ती चौकट प्लास्टिकात गुंडाळून परत आले. आईच्या खांद्याशी ओलसर डाग दिसत होता. दमट हवेत जिलेटिनचा थर फुगून मऊ होतो आणि काचेला धरतो. मग वाळला की काच आणि चित्र एकजीव होतात. सूनबाईंना हे ठाऊक नव्हते. त्यांनी पाठ उघडली, एक कोपरा नखाने हलकेच उचलला, आणि पदराचा काठ काचेवरच राहिला, हातात आला तो नुसता पांढरा कागद. सुपारीएवढा तुकडा. त्यांनी तत्काळ हात काढून घेतला. आजोबा समोर बसलेले होते. ते काही बोलले नाहीत, हेच अधिक जड झाले.

पुण्यात जाणत्या माणसाने सांगितले, की अशा वेळी ओढू नये, काच चित्रासकट तशीच ठेवावी. त्याने काचेवरूनच छायाचित्राची प्रत उतरवून घेतली आणि संगणकावर पदराचा काठ जुळवूनही दिला. प्रत उत्तम निघाली, मुळाहून उजळ. सूनबाईंनी तिला या वेळी माउंट घातला. जाड कागदाची ही आतली चौकट शोभेसाठी असते असे पुष्कळांना वाटते. तिचे खरे काम काच आणि चित्र यांच्यात श्वास घेण्यापुरती जागा ठेवणे हे आहे.

आजोबांनी प्रत हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "ताई, ही छान आहे. नातवाकडे देईन. माझी मला द्या."

"आजोबा, तिचा काठ माझ्या हातून गेला आहे."

"माझ्याही हातून पुष्कळ गेले आहे," आजोबा म्हणाले आणि पैशांची पिशवी उघडू लागले. पैसे कोणी घ्यायचे नाहीत यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी दुसऱ्या चौकटीचे त्यांनी देऊनच टाकले.

त्यानंतर वहीत एक नवा रकाना आला: कोणत्या भिंतीवर लावणार? या भागात पाऊस पश्चिमेकडून झोडपतो आणि बाहेरची पश्चिम भिंत दिवाळीपर्यंत ओल सोडत नाही. गिऱ्हाइकांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. फार्महाऊसवाले तर हसतात. आजोबांच्या नावापुढे त्यांनी 'पश्चिम' लिहिले होते, ते खोडून, जुनी काच, तिला धरून बसलेली आई आणि नवी खोल चौकट घेऊन त्या स्वतःच त्यांच्या घरी गेल्या. स्वयंपाकघराला लागून असलेली आतली कोरडी भिंत निवडली. खिळा ठोकला. चौकटीच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावलेले होते, म्हणजे भिंत आणि पाठ यांच्यामधून वारा जाईल. आजोबांनी तेथे बोट घालून पाहिले, जागा पुरेशी आहे ना.