पेटी भरतांना

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या शर्यतमार्गावर हौसेखातर मोटार पळवावयास निघालों, कीं शिरस्त्राण, हातमोजे नि हवेचा दाब मोजण्याचें यंत्र मी भरतों. लाडवांचा डबा आई भरते. गेल्या खेपेस ब्रेकचें तेल बदलावयाचें मात्र विसरलों. हें तेल हवेंतला ओलावा शोषतें. कोऱ्या ‘डॉट ४’ तेलाचा उत्कलनबिंदु किमान २३० अंश सेंटिग्रेड असावा असा दंडक आहे. पाणी मुरलें कीं तो १५५ पर्यंत उतरूं शकतो. वळणावर पायाखालीं ब्रेक पोकळ लागला; कडेच्या मातीनें वांचविलें. घरीं बोललों नाहीं. आतां तेल आधीं बदलतों, चाकांचे नट आवळतों, मग पेटी. परवां डबा देतांना आईनें सहज विचारलें, “ब्रेक पाहिलेस ना रे?” मार्गावर उतरतांना गाडींत सुटें सामान ठेवीत नाहींत. डबा बाहेर राहतो. तिचा प्रश्न मात्र शेजारीं बसतो.