राज्य तोडायचं की नाही, हे विचारायचं कुणाला?

छोट्या राज्यांचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट विदर्भावर जाते. आज जरा लांब जाऊ, ब्राझीलला. तिथल्या पारा राज्यात २०११ साली जे झालं, ते मला अजून पटलेलं नाही.

आधी नकाशा. ब्राझीलमध्ये २६ राज्यं आणि ब्राझिलियाचा एक संघीय जिल्हा. राज्याखाली थेट 'म्युनिसिपिओ'. साधारण आपल्या तालुक्यासारखे, पण स्वतःचा निवडून आलेला महापौर असलेले. असे साडेपाच हजारांहून जास्त. पारामधला आल्तामिरा हा त्यातलाच एक, आणि त्याचं क्षेत्रफळ दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर. म्हणजे एक 'तालुका' अर्ध्या महाराष्ट्राएवढा! त्यातलं कास्तेलो दे सोन्योस हे गाव मुख्य गावापासून रस्त्याने हजारेक किलोमीटर. महापौराला भेटायचं तर या जाऊन.

पाराची राजधानी बेलेम ईशान्य कोपऱ्यात, समुद्राजवळ. पश्चिमेला तापाजोस नदी अॅमेझॉनला मिळते तिथे सांतारेम. बोटीने दोन-तीन दिवसांचा प्रवास. आग्नेयेला काराजासच्या लोखंडाच्या प्रचंड खाणी आणि तुकुरुईचं धरण. तक्रार ओळखीचीच: खनिज आमचं, वीज आमची, सोयी मात्र बेलेमला. म्हणून मागणी होती दोन नव्या राज्यांची, तापाजोस आणि काराजास.

११ डिसेंबर २०११ ला सार्वमत झालं. राज्यघटना म्हणते, 'थेट संबंधित जनतेला' विचारा. ही जनता कोणती? सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अख्खं राज्य. निकाल तिथेच लागला म्हणा ना! कारण उरणाऱ्या पाराकडे जमीन जेमतेम सहावा हिस्सा राहणार होती, पण माणसं जवळपास दोन तृतीयांश. दोन्ही प्रश्नांना सुमारे ६६ टक्के 'नको'. सांतारेम आणि माराबामध्ये मात्र नव्वद टक्क्यांच्या वर 'हवं'.

बेलेमवाल्यांचंही खोटं नव्हतं. लोखंडाचं उत्पन्न जाणार, शिवाय नवी विधानसभा, नवे मंत्री, त्यांचा खर्च. आणि सिनेटचं गणित आहेच. प्रत्येक राज्याला तीन सिनेटर. साडेचार कोटींच्या आसपास वस्तीच्या साओ पावलोलाही तीन आणि सहा-साडेसहा लाखांच्या रोराइमालाही तीन. दोन राज्यं वाढली की उत्तरेचे सहा सिनेटर वाढले. दक्षिणेला हे कसं रुचेल?

तरी मला खटकतं. घर सोडू पाहणाऱ्याला परवानगी द्यायची की नाही हे घरात राहणारेच बहुमताने ठरवणार असतील, तर विचारण्याला अर्थ काय? आपल्या गोव्यात १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातल्यांना मत नव्हतं. प्रश्न विलीनीकरणाचा होता, तुलना तंतोतंत नाही, मान्य. पण विचारलं गेलं ते गोवा-दमण-दीवच्या लोकांना.

गंमत म्हणजे ब्राझीलमध्ये राज्यं तुटली ती लोकांना न विचारता. माटो ग्रोसोचे दोन तुकडे १९७७ साली लष्करी सरकारने केले. गोइयासचा उत्तर भाग तोडून तोकांतिन्स केलं ते १९८८ च्या घटनेनेच, आणि त्याची राजधानी पाल्मास माळावर नव्याने उभी राहिली. घटना आल्यापासून, म्हणजे विचारणं सक्तीचं झाल्यापासून, एकही नवं राज्य झालेलं नाही.

सांतारेमकडे तापाजोसची मागणी अजून चालूच आहे.