पैनगंगा-पूर्णेमधील मुलूख

तीर्थयात्रेच्या निमित्तानें हिंगोली जिल्ह्यांत जाऊन आलेलीं कुटुंबें आमच्या वाचकवर्गांत पुष्कळ असतील. औंढ्याच्या नागनाथाचें दर्शन घ्यावें, वेळ उरल्यास नरसीस जाऊन नामदेवरायांच्या जन्मस्थानीं माथा टेकावा, आणि दिवस मावळण्यापूर्वीं परभणी किंवा नांदेड गांठावें, असा बहुतेकांचा क्रम असतो. ज्या भूमींतून आपण जातों ती कशी आहे, तेथें किती माणसें राहतात व कशावर जगतात, याची विचारपूस क्वचितच होते. ती व्हावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

परभणी जिल्ह्याचा उत्तरेकडील भाग वेगळा काढून १ मे १९९९ रोजीं हा जिल्हा निर्माण करण्यांत आला. हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पांच तालुके. उत्तरेस वाशीम व यवतमाळ, पश्चिमेस परभणी, आग्नेयेस नांदेड. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यांत होता. आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंगोली हें हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेच्या छावणीचें ठिकाण म्हणून ओळखलें जात असे.

अजिंठ्याच्या डोंगराचे फांटे या जिल्ह्यांत पसरले आहेत. उत्तरेच्या कडेनें पैनगंगा वाहते, दक्षिणेकडून पूर्णा जाते, आणि मधून कयाधू. कयाधू पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस, आणि वर्धा-वैनगंगांचा संगम झाल्यावर तेंच पाणी प्राणहितेच्या नांवानें गोदावरींत येतें. पूर्णा मात्र जवळच्या वाटेनें गोदावरीस भेटते. म्हणजे एकाच टेकडीच्या दोन अंगांवर पडलेल्या पावसाच्या धारा येथें एकमेकींस पाठ फिरवितात, त्या थेट प्राणहितेच्या संगमावर पुन्हां एकत्र येतात. भूगोल शिकणाऱ्या मुलांस पाणलोट म्हणजे काय हें समजावून सांगण्यास याहून सुंदर उदाहरण सांपडणें कठीण.

पाऊस सरासरीनें ३४-३५ इंच. पण तो चार महिन्यांचा पाहुणा. त्यानंतर ज्याच्या शेतास कालवा आहे त्याचें जीवन एक, आणि ज्याला नाहीं त्याचें दुसरें. पूर्णेवरील सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांनीं वसमतचा काळा सखल प्रदेश भिजतो. तेथें ऊंस, केळी आणि हळद. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. वाचकांच्या स्वयंपाकघरांतील हळदीच्या डब्याचा या मातीशीं संबंध असण्याचा पुष्कळ संभव आहे. जमिनींतून काढलेले कंद शिजवावयाचे, मग कित्येक दिवस उन्हांत वाळवावयाचे, आणि शेवटीं घांसून त्यांस झळाळी आणावयाची. इतके सायास होतात तेव्हां हळकुंड आपल्या घरीं येतें.

सेनगांव, कळमनुरीकडे गेलें कीं चित्र पालटतें. माळ, मुरूम, उथळ जमीन. सोयाबीन, तूर, कापूस. आणि दृष्टि आकाशाकडे. पैनगंगेवर, जिल्ह्याच्या अगदीं हद्दीवर, इसापूरचें मोठें धरण आहे खरें, पण त्याच्या पाण्याचा मोठा वांटा पुढें नांदेड-यवतमाळकडे जातो. उशाशीं जलाशय आणि उन्हाळ्यांत टँकरची वाट, असा प्रसंग भोंवतालच्या उंचवट्यांवरील गांवांस येतो.

आतां माणसांकडे वळूं. २०११ च्या खानेसुमारींत या जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ भरली. सिंधुदुर्ग व गडचिरोली सोडल्यास इतकी थोडी वस्ती राज्यांतील दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यांत नव्हती. एका चौरस किलोमीटरांत येथें २४४ माणसें. राज्याची सरासरी ३६५. शेंकडा ८५ लोक खेड्यांत राहणारे. राज्यांत हें प्रमाण शेंकडा ५५. साक्षर शेंकडा ७८, पण त्यांत पुरुष व स्त्रिया यांच्यांत मोठें अंतर. २०२१ ची खानेसुमारी झाली नाहीं, म्हणून याच आंकड्यांवर विसंबणें भाग आहे. मराठीभाषी शेतकऱ्यांबरोबर डोंगराळ भागांत आंध आदिवासी व बंजाऱ्यांचे तांडे आहेत. बौद्ध व मुसलमान समाजही मोठा आहे. शिरड शहापूर येथें जैनांचें क्षेत्र आहे. आणि नरसीचें नांव पंजाबांतही आदरानें घेतलें जातें. कारण १२७० सालीं परंपरेनें येथें जन्मलेल्या नामदेवांचीं पदें शिखांच्या ग्रंथसाहिबांत समाविष्ट आहेत.

या विरळ वस्तीचा एक अनपेक्षित लाभ झाला. औंढ्याजवळच्या माळावर 'लायगो-भारत' ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं अंतिम मान्यता दिली. ती प्रकाश पाहणार नाहीं. दूर विश्वांत कृष्णविवरें एकमेकांवर आदळतात तेव्हां उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. अशी लहर अमेरिकेंतील दोन वेधशाळांनीं २०१५ च्या सप्टेंबरांत प्रथम टिपली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या लांबींत अणुगर्भाहूनही कितीतरी सूक्ष्म असा फरक मोजावयाचा, म्हणून आगगाड्या, कारखाने, गर्दी यांचा कंप तेथें नको. शोध घेतां घेतां शास्त्रज्ञांची दृष्टि या शांत माळावर स्थिरावली. भूमि मात्र अगदींच मौन पाळीत नाहीं. २०२४ च्या मार्चांत व जुलैंत येथें ४.५ रिश्टरचे भूकंपाचे धक्के बसले, आणि वसमत तालुक्यांतील कांहीं गांवांस जमिनीखालून येणारे आवाज परिचित आहेत.

परंतु या शांततेचे प्रकार दोन आहेत, हें विसरूं नये. एक शांतता माळाची, जिचा शास्त्रास उपयोग. दुसरी आहे ओस पडत चाललेल्या आळीची. दिवाळीनंतर तांड्यांतील कुटुंबें ऊंसतोडीस परमुलखीं जातात, आणि घरीं वृद्ध व लेंकरें उरतात. शिकलेले तरुण पुणें, छत्रपति संभाजीनगर, हैदराबाद येथें जातात ते बहुधा सणापुरतेच परततात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं घराणीं मागील दोन-तीन पिढ्यांत अशाच वाटेनें बाहेर पडलीं आहेत. कुलदैवत आणि गोत्राबरोबर मूळ गांवाचें नांव तेवढें जिभेवर राहिलें.

शिक्षणासाठीं बाहेर पडणें दोषास्पद आहे असें आम्ही म्हणत नाहीं. घर सोडल्यावांचून विद्या मिळत नाहीं, हें जुनेंच आहे. पण जाणारा सर्वच घेऊन जावा आणि कांहींच परतूं नये, हें बरें नव्हे. वेधशाळा उभी राहील तेव्हां दूरदूरचे विद्वान् या माळावर येऊन बसतील. त्यांच्यांत सेनगांवची किंवा कळमनुरीची एखादी मुलगी असावी, यासाठीं तेथील शाळेंत चांगलें गणित शिकविलें गेलें पाहिजे. पुढच्या यात्रेंत ज्यांस शक्य असेल त्यांनीं एक दिवस अधिक काढून मूळ गांवची शाळा पाहावी, तिच्या कपाटांत पुस्तकें आहेत कीं नाहींत याची चौकशी करावी, आणि नसल्यास चार पुस्तकें ठेवून यावें. नागनाथाच्या दर्शनाचें पुण्य त्यानें कमी होणार नाहीं, अशी आमची समजूत आहे.